तीन मीटरची लाट म्हणजे नेमकी केवढी?



समुद्राचा अंदाज सांगताना एक वाक्य हमखास येतं : लाटांची उंची २.५ ते ३ मीटर राहील. एका बंदरावर एका वयस्क तांडेलांनी मला यावरूनच अडवलं होतं. "साहेब, तुम्ही ३ मीटर म्हणालात, आमच्यावर ५ची आली." ते खरं बोलत होते, आणि अंदाजही चुकला नव्हता. ही गाठ आज मला सोडवायची आहे, कारण या गैरसमजापायी माणसं जिवाला मुकतात.

समुद्रात दोन लाटा सारख्या नसतात. म्हणून त्या वेळच्या लाटांपैकी सर्वांत उंच अशा एक तृतीयांश लाटा घेतात आणि त्यांची सरासरी काढतात. अंदाजातली उंची ती हीच. दर १० सेकंदांना एक लाट धरली, तर ३ तासांत हजारावर लाटा होडीखालून जातात आणि त्यांतली एखादी त्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघते. तेव्हा ३ मीटर ऐकलंत की ६ मीटरचा हिशोब करा. तेवढी लाट झेलणारी होडी नसेल, तर ती काढू नका. आणखी एक : उंची दुप्पट झाली की लाटेतली शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते.

हे गणित आधी वाऱ्यापासून सुरू होतं. वारा किती जोराचा, किती तास वाहिला आणि किती लांबीच्या मोकळ्या पाण्यावरून आला, यावर लाट ठरते. भारतीय हवामान विभाग वाऱ्याचा अंदाज देतो. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था समुद्राचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातली लाट संगणकावर मांडते. नांगरलेले तरंगते बोये आणि उपग्रह यांच्या मोजमापांशी ती ताडून पाहिली जाते. पाण्याखालचंही बघावं लागतं. आर्गो नावाची तरंगती यंत्रं २,००० मीटर खोल जाऊन साधारण दर १० दिवसांनी वर येतात आणि पाण्याचं तापमान व खारटपणा कळवतात. चक्रीवादळाला बळ मिळतं ते समुद्रातल्या उष्णतेतून, आणि नुसतं वरचं पाणी तापलेलं आहे एवढ्यावरून ते बळ कळत नाही.

आता मला सर्वांत काळजी वाटते त्या गोष्टीकडे येतो. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि तरी किनाऱ्यावर थोराड लाटा फुटतायत. या लाटा इथल्या नसतात. दक्षिण हिंदी महासागरात, थेट अंटार्क्टिकाच्या बाजूला, वादळ झालेलं असतं. त्याच्या लांब लाटा दिवसाला हजारेक किलोमीटर कापत पाच-सहा दिवसांनी आपल्याकडे पोचतात. केरळात यांना 'कल्लक्कडल' म्हणतात, चोरपावलांनी येणारा समुद्र. अशा दिवशी आभाळाकडे बघून निर्णय घेऊ नका. 'इन्कॉइस'चा लाटांचा इशारा असेल, तर खडकावर गरवायला बसू नका, मुलांना पाण्यात सोडू नका आणि होड्या वर ओढून ठेवा.

वादळ दुसरीकडे धडकणार आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. २०२१ च्या मे महिन्यातलं 'तौक्ते' जमिनीवर चढलं ते १७ तारखेच्या रात्री सौराष्ट्रात, पण आधी आपल्या किनाऱ्याला लागून वर सरकताना त्याने कोकणाला झोडपून काढलं. बंदरावर ३ नंबरचा बावटा चढला, म्हणजे खुद्द त्या बंदराला वादळी वाऱ्याचा धोका आहे. बाहेर असाल तर त्याच वेळी परत फिरा.

परतताना खाडीच्या तोंडाशी जपा. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं, समोरून लाट आत येते, आणि साचलेल्या वाळूवर ती उभी राहून फुटते. घर डोळ्यांसमोर असतं, म्हणून घाई होते. तशा वेळी बाहेर खोल पाण्यात थांबा आणि भरती लागली की आत या.