होस्टेलच्या खोलीत राउटर: मी अख्खी विंग बंद पाडली त्याची गोष्ट

मागच्या भागानंतर तुमच्याकडून सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता. "दादा, खोलीत लॅनचं पोर्ट एकच आहे, आम्ही तिघं आहोत, राउटर कसा लावायचा?" अ‍ॅडमिशनचा सीझन आला की हा प्रश्न येतोच. तर आज तेच बघू. पण आधी एक कबुली. हे काम मी पहिल्यांदा केलं तेव्हा आमच्या विंगमधल्या बऱ्याच पोरांचं नेट बंद पाडलं होतं. आणि त्यात एका दादाची प्लेसमेंटची ऑनलाइन टेस्ट होती.

साल २०१७. मी सेकंड इयरला, पुण्यात. खोलीत तिघं: तीन लॅपटॉप, तीन फोन, एक म्हातारा टॅब. सात डिव्हाइस, भिंतीवर पोर्ट एक. कॉलेजचं वायफाय कॉरिडॉरपर्यंत ठणठणीत यायचं आणि आमच्या दारात मान टाकायचं. सुरुवातीला आम्ही माझ्या लॅपटॉपला वायर लावून त्याचाच हॉटस्पॉट करायचो. विंडोजच्या मोबाइल हॉटस्पॉटवर आठ डिव्हाइसपर्यंत जोडता येतात, त्यामुळे भागायचं. पण मी लॅपटॉप उचलून लायब्ररीत गेलो की पाच मिनिटांत फोन, "अरे, नेट घेऊन कुठे चाललास?"

मग वर्गणी काढली आणि तपकीर गल्लीतून ८५० रुपयांचा राउटर आणला. मागे पाच भोकं. एक निळं, चार पिवळी. मी भिंतीतली वायर पिवळ्यात घातली. का? कारण पिवळ्यावर 'लॅन' लिहिलं होतं आणि भिंतीवरच्या पोर्टवरही 'लॅन'च लिहिलं होतं. लॉजिक एकदम परफेक्ट! नेट काही आलं नाही. उद्या बघू म्हणून मी मेसला गेलो. वायर तशीच.

आता त्या वायरने काय केलं ते नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत इथेच आहे. कोणताही लॅपटॉप नेटवर्कला जोडला की तो आधी ओरडतो, "मला आयपी अ‍ॅड्रेस कोण देणार?" हे ओरडणं नेटवर्कच्या त्या भागातल्या सगळ्यांना ऐकू जातं. उत्तर देणाऱ्याला डीएचसीपी सर्व्हर म्हणतात. कॉलेजचा एक असतोच, पण तो लांब सर्व्हर रूममध्ये. राउटरच्या लॅनच्या बाजूलाही एक डीएचसीपी सर्व्हर असतो, आपल्या घरातल्या फोन-लॅपटॉपना अ‍ॅड्रेस द्यायला. मी पिवळ्यात वायर घातली म्हणजे माझा राउटर विंगच्या तोंडावर खुर्ची टाकून बसला. नवीन पोरगं आलं की रेक्टर ऑफिसच्या आधी हाच चिठ्ठी देणार, "ही तुझी खोली, आणि बाहेर जायचा रस्ता माझ्याकडून." बहुतेक डिव्हाइस पहिली चिठ्ठी घेतात आणि निघतात. पण माझ्याकडून बाहेर जायला रस्ताच नव्हता.

आणि हा प्रकार लवकर पकडता येत नाही. जे आधीपासून जोडलेले होते त्यांच्याकडे जुना, बरोबर अ‍ॅड्रेस होता. त्यांचं चालूच राहिलं. अडकले ते नव्याने जोडलेले. त्यामुळे शेजारी शेजारी बसलेल्या दोघांत एकाचं नेट धावतंय, दुसऱ्याचं मेलंय. आमच्या विंगमधल्या फायनल इयरच्या दादाने टेस्टच्या आधी शहाण्यासारखा लॅपटॉप रीस्टार्ट केला होता. हँग होऊ नये म्हणून! तिथेच त्याला माझी चिठ्ठी मिळाली. फोनचा हॉटस्पॉट लावून तो आत शिरला तेव्हा वेळ सुरू होऊन पंचवीस मिनिटं झाली होती.

साडेदहाला दार वाजलं. नेटवर्क बघणारे सर. स्विचमध्ये कोणता मॅक अ‍ॅड्रेस कोणत्या पोर्टवर आहे याची नोंद असते, आणि पोर्टवरून खोली कळते. त्यांनी वायर उपटली, राउटर काखेत मारला आणि दारात उभं राहून मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

दादाला मी चार दिवस काही बोललो नाही. तो समोरून आला की जिना बदलायचो. शेवटी मेसमध्ये त्याच्या शेजारी ताट ठेवलं आणि म्हटलं, "दादा, ते नेट माझ्यामुळे गेलं होतं." तो म्हणाला, "माहितीये. सर ओरडत होते ते अख्ख्या मजल्याने ऐकलं. मी बघत होतो तू कधी सांगतोस." एवढं बोलून त्याने आमटीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. ती टेस्ट तो पास झाला नाही. पुढे दुसरीकडे लागला. पण पंचवीस मिनिटांचा हिशेब मी अजून मनात करतो.

राउटर परत मिळाला तो रेक्टरांच्या सहीच्या अर्जावर. आणि लावून दिला दादानेच. त्याने जे केलं तेच सांगतो, थोडी आजची भर घालून.

परवानगी आधी काढा. कॉलेजचं लॉगिन एका मुलाच्या नावावर असतं, आणि राउटरमागचे सगळे बाहेरून एकच दिसतात. याला नॅट म्हणतात. म्हणजे रूममेटच्या मित्राने तुमच्या वायफायवर काहीतरी उद्योग केला, तर बोलावणं तुम्हाला. पासवर्ड कुणाकुणाला द्यायचा ते यावरून ठरवा. मॅक अ‍ॅड्रेस रजिस्टर करायला लागत असेल तर राउटरचा रजिस्टर करून घ्या.

भिंतीची वायर जाते निळ्या, म्हणजे 'वॅन' लिहिलेल्या पोर्टात. रंग कंपनीप्रमाणे बदलतो, नाव वाचा. पण भिंतीला जोडण्याआधी राउटर नुसता चालू करून सेटिंग उरका: अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, वायफायला किमान डब्ल्यूपीए२ ठेवा. कॉलेजचे अ‍ॅड्रेस १९२.१६८.१ ने सुरू होत असतील आणि तुमच्या राउटरचेही तेच असतील, तर दोघांचा गोंधळ होतो. राउटरचा अ‍ॅड्रेस १९२.१६८.५०.१ असा काहीतरी वेगळा करा.

वायफायबद्दल लोक म्हणतात, ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे नीट जात नाही. अहो, होस्टेलमध्ये तेच तर हवंय! शेजारच्याचाही तुमच्याकडे येत नाही. खोली दहा बाय बाराची, रेंज हवीय कशाला? लॅपटॉप आणि फोन त्यावरच टाका. जुनी डिव्हाइस २.४ वर ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ, चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी जिथे गर्दी कमी असेल ते. ४० करून वेग दुप्पट होईल असं वाटतं, पण गजबजलेल्या विंगमध्ये उलटंच होतं. आणि राउटर लोखंडी कपाटात कोंबू नका, आमच्याकडे एकाने केलं होतं.

रात्री सगळ्यांचं नेट एकदम जड होतं, त्याचं कारण बहुतेकदा डाउनलोड नसून अपलोड असतं. कुणीतरी फोन चार्जिंगला लावला, फोटोंचा बॅकअप सुरू झाला, आणि तुमचा व्हिडिओ कॉल अडखळला. राउटरमध्ये बँडविड्थ कंट्रोल असेल तर प्रत्येक डिव्हाइसच्या अपलोडवर मर्यादा घाला. नसेल तर तिघांत बोलून घ्या. तिघांत बोलणं अवघड असतं, मान्य आहे.

छोटा यूपीएस घ्यायचा का? आम्ही घेतला होता. लाइट गेली, आमचा राउटर दिमाखात चालू, आणि कॉरिडॉरमधला स्विच बंद! आधी तो बॅकअपवर आहे का ते विचारा.

सगळं झालं की शेजारच्या खोलीत जा. त्यांना लॅपटॉप नेटवरून काढून परत जोडायला सांगा आणि आयपीकॉन्फिग मारा. गेटवेसमोर कॉलेजचा अ‍ॅड्रेस दिसला की जेवायला जा. तुमच्या राउटरचा दिसला, तर पळत येऊन वायर काढा, आणि त्यांना लगेच सांगा कुणामुळे झालं ते.

पुढच्या भागात जुन्या फोनचा खोलीसाठी फाइल सर्व्हर कसा करायचा ते बघू. तुमच्या सेटअपचे फोटो पाठवा. राउटरखालच्या स्टिकरवरचा पासवर्ड झाकून, प्लीज. भेटू!