प्रश्न उद्भवतो!

आम्ही जुईनगरच्या बायका. अंगणवाडीच्या खोलीत पाणी गळलं की आम्ही आधी सेविकेशीच भांडतो. पण खोलीचं भाडं किंवा पोषण आहाराचे पैसे काही तिच्या हातात नसतात. त्याचा जाब आमदार विधानसभेत महिला व बालविकास मंत्र्यांना विचारू शकतात.

अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास असतो. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून द्यायचं, त्यावर आमदारांनी लगेच उपप्रश्न विचारायचे. अतारांकिताचं उत्तर नुसतं लेखी येतं. या प्रश्नांची भाषाही ठरलेली: ‘हे खरे आहे काय? असल्यास, कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ उत्तरं येतात ती ‘अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’. (घरी सासूबाईंना असं उत्तर देऊन बघा!)

‘अंगणवाड्यांची दुरवस्था’ असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच मिळतं. किती रक्कम मंजूर झाली, किती खर्च झाली, भाडं कुठल्या महिन्यापासून थकलं, असं विचारलं की आकडा द्यावा लागतो. आणि ही माहिती आपल्यापाशीच असते. मृणालताई गोरे गोरेगावच्या बायकांना घेऊन पाण्यासाठी लढल्या, ‘पाणीवाली बाई’ झाल्या आणि १९७२ मध्ये विधानसभेत गेल्या.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात असतं, पण प्रश्न कितीतरी दिवस आधी द्यावे लागतात. तेव्हा चकल्यांची भाजणी दळायला टाकण्याआधी आम्ही तारखा आणि आकडे लिहिलेला कागद आमदारांच्या कार्यालयात देणार आहोत. पोच घेऊनच परतू.