तुटलेल्या हातांचा नाच
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारलाय, "नाचतेस ते ठीक, पण चांगलं थिएटर सोडून लेण्यांपाशी कशाला जातेस?" मला दहा मिनिटं मिळाली आहेत, तेवढ्यात उत्तर देते.

घारापुरी आपण सगळ्यांनी पाहिलंय. शाळेची सहल गेली होती, पण तेव्हा आपलं सगळं लक्ष माकडांपासून डबे वाचवण्यात होतं. आता पुन्हा गेलात तर मुख्य लेण्याच्या दारातच थांबा. उजवीकडे नटराज आणि डावीकडे योगीश्वर. एक शिव नाचतोय, समोरचा ध्यानात बसलाय. सरळ पाहिलं की दक्षिणेच्या भिंतीवर त्रिमुखी सदाशिव दिसतो. चार दारांचं लिंगाचं गर्भगृह मात्र त्या रेषेत नाही, ते पश्चिमेला आहे. त्यामुळे आत गेलेल्या माणसाची पावलं आपोआप वळतात. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी ज्यांनी हे कोरलं, त्यांनी नाच बसवणाऱ्याचं अर्धं काम करून ठेवलंय.

म्हणून आम्ही पहिले काही दिवस फक्त चाललो. कुठे पाऊल मंदावतं, कुठे मान वर जाते, एवढंच वहीत लिहिलं. दगडी छताखाली टाळीचा आवाज इतका रेंगाळतो की दुसरी टाळी पहिलीत मिसळते. तेव्हाच ठरलं की या नाचात घुंगरू नकोत.

हे संरक्षित स्मारक आहे. तिथे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय कार्यक्रम होत नाही आणि दगडात खिळा ठोकायचा तर विचारही करायचा नाही. दिव्यांचा मोहही आम्ही टाळला. बेटावरच्या तीन गावांत समुद्राखालून कायमची वीज आली ती २०१८ मध्ये. त्याआधी रात्रीचे काही तास जनरेटर. तिथे जाऊन झगमगाट करणं मनाला पटेना. नाच बसवला तो लेण्याबाहेरच्या अंगणासाठी, दिवसाउजेडी, अनवाणी.

खरा वाद झाला नटराजावरून. मूर्ती मुळात आठ हातांची. आज बहुतेक हात तुटलेत, पायही गेलेत. माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, "ताई, आपण ती मुद्रा पूर्ण करू या. देव अर्धवट कसा दाखवायचा?" दुसरी म्हणाली, "आपण कोण पूर्ण करणारे?" दोघींचंही मला खरं वाटत होतं. दोन दिवस तालीम पुढे सरकली नाही.

शेवटी आम्ही मूर्तीकडेच पाहत बसलो. हातपाय नसतानाही कमरेचा बाक आणि मानेचा कल शाबूत आहे, आणि तेवढ्यावर तो अजून नाचतोय! मग ठरलं, दगड जिथे तुटलाय तिथे आमची हालचाल थांबेल. हात उचलायचा आणि कोपराशी सोडून द्यायचा. उरलेला हात बघणाऱ्याने मनात पुरा करायचा.

थिएटरमध्ये हाच नाच करून पाहिला, तर लोकांना वाटलं नर्तकी अडखळतेय. अंगणात तो कुणाला समजावून सांगावा लागला नाही, कारण आत शिरून मूर्ती पाहून आलेली माणसंच समोर उभी होती.

लेण्यांपाशी का जाते, त्याचं उत्तर हे आहे. पुढच्या मेळाव्याआधी एकदा सगळे मिळून लाँचने जाऊ. सोमवारी लेणी बंद असतात, एवढं लक्षात ठेवा. आणि डबे या वेळीही सांभाळा!