दुखतं कुठे, बिघडलंय कुठे

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी या सत्रासाठी एकच अट घातली होती. आपल्या नोकरीबद्दल बोलायचं नाही, नोकरीबाहेर शिकलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल बोलायचं. मी गेली चोवीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा या अटीमुळे तुम्ही सुटलात. मी बोलणार आहे एका परीक्षेबद्दल, आणि ती मी दिलेलीही नाही. माझ्या धाकट्या बहिणीने दिली.

ती आपल्याच शाळेची, आपल्या मागे सहा वर्षं. बारावीनंतर तिने फिजिओथेरपीची पदवी घेतली. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. मग बारा वर्षं रुग्णालयात काम केलं. मेहुण्यांच्या नोकरीमुळे घर टेक्सासला गेलं, आणि तिथे परवाना मिळेपर्यंत तिला एकाही रुग्णाला हात लावता येणार नव्हता. बारा वर्षं लोकांना पायावर उभं करणारी बाई घरी बसली. ‘ताई, मला आता काहीच येत नाही असं वाटायला लागलंय,’ असं ती एकदा म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, अभ्यास माझ्यासमोर कर.

अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट व्हायला त्या त्या राज्याचा परवाना लागतो, पण परीक्षा सगळ्या राज्यांना मिळून एकच आहे. तिचं नाव एनपीटीई. वर्षातून चारदा होते. संगणकावर पाच तासांचा पेपर, दोनशेहून जास्त प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. गुण २०० ते ८०० या पट्टीवर देतात आणि ६०० मिळाले की उत्तीर्ण. परदेशातून शिकून आलेल्यांना त्याआधी आपली पदवी तिथल्या पदवीच्या तोडीची आहे हे सिद्ध करावं लागतं. त्या कागदपत्रांतच तिचे कित्येक महिने गेले.

माझी सकाळचे साडेसहा म्हणजे तिकडे तिची संध्याकाळ. चहाचा कप घेऊन मी व्हिडिओ कॉलला बसायचे. ती एक प्रश्न वाचायची, उत्तर सांगायची, आणि मी विचारायचे, ‘का?’ मला त्यातलं काही कळत नव्हतं, तोच माझा उपयोग होता. दुसरी फिजिओथेरपिस्ट समोर असती तर मधल्या दोन पायऱ्या गाळून ‘कळलं, पुढे’ झालं असतं. माझ्यासमोर तिला प्रत्येक पायरी मांडावी लागायची.

आपल्याला शाळेत शरीर धड्याधड्यांनी शिकवलं होतं, आठवतंय? श्वसनसंस्था, रक्ताभिसरण संस्था, चेतासंस्था, उत्सर्जन संस्था. शुद्ध रक्ताला लाल स्केचपेन, अशुद्धला निळा. सुरुवातीला असंच शिकवावं लागतं. या परीक्षेच्या अभ्यासक्रमातही अशीच यादी आहे. हृदय आणि फुफ्फुसं, स्नायू आणि हाडं, चेतासंस्था, त्वचा, अंतःस्रावी ग्रंथी, पचन, मूत्रमार्ग आणि जनन, लसीका. पण त्या यादीत आणखी एक वेगळं शीर्षक आहे, या संस्थांचे एकमेकींवर होणारे परिणाम. बहिणीचा सगळा झगडा तिथे होता. तिथला झगडा काय असतो, ते तीन उदाहरणांतून सांगते.

पहिलं उदाहरण. साठीचे गृहस्थ, तंबाखूची सवय, चाललं की पोटऱ्या दुखतात. थोडं थांबले की बरं वाटतं. दोष कुठे? एक शक्यता अशी की पायाकडे रक्त नेणारी धमनी अरुंद झालीय, म्हणजे दुखणं रक्ताभिसरणाचं. दुसरी अशी की कमरेच्या मणक्यातला, नसा जातात तो मार्गच अरुंद झालाय, म्हणजे दुखणं मणक्याचं आणि नसांचं. रुग्ण दोन्हींत एकच वाक्य बोलतो, ‘चाललं की पाय भरून येतात.’

मग प्रश्न विचारायचे. थांबल्यावर नुसतं उभं राहून बरं वाटतं, की बसावं लागतं? धमनीचं दुखणं उभ्या उभ्याही काही मिनिटांत ओसरतं. मणक्याच्या दुखण्याला बसावं किंवा पुढे वाकावं लागतं, कारण वाकल्यावर तो मार्ग थोडा मोकळा होतो. आपल्या साताऱ्याच्या भाषेत सांगायचं तर अजिंक्यताऱ्याचा चढ धमनीवाल्याला जास्त छळेल, कारण चढावर स्नायूंना रक्त जास्त लागतं. मणक्यावाला पुढे झुकून चढ बऱ्यापैकी चढेल आणि ताठ होऊन उतरताना कळवळेल. सायकलवर पुढे वाकून बसवलं तर मणक्यावाला आरामात पायडल मारतो, धमनीवाल्याच्या पोटऱ्या तिथेही दुखतात. घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून भागाकार करतात. तो ०.९० च्या खाली आला तर संशय धमनीवर पक्का होतो.

आता उपचार. धमनीवाल्याला दुखेपर्यंत चालवायचं, थांबवायचं, पुन्हा चालवायचं. मणक्यावाल्याला पुढे वाकण्याचे व्यायाम. परीक्षेत हे दोन्ही पर्याय समोर असतात आणि दोन्ही ‘बरोबर’ असतात. फक्त त्यातला एक या रुग्णासाठी नसतो.

दुसरं उदाहरण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. पाठीच्या कण्याला इजा झालेला तरुण, छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर. पहिला प्रसंग. कित्येक दिवसांनी त्याला प्रथमच उठवून बसवलंय. त्याला भोवळ येते, चेहरा पांढरा पडतो, रक्तदाब उतरतो. काय करायचं? आडवं करायचं, पाय वर घ्यायचे. दुसरा प्रसंग, काही महिन्यांनंतरचा. तोच तरुण. अचानक डोकं प्रचंड दुखतं, चेहरा लाल, मानेवर घाम, नाडी मंद, रक्तदाब १५०. अशा रुग्णांचा नेहमीचा रक्तदाब कमीच असतो, म्हणून त्याच्यासाठी हा आकडा फार मोठा. इथे त्याला आडवं केलं तर रक्तदाब आणखी चढेल. इथे ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, घट्ट कपडे सैल करायचे, आणि लगेच लघवीची नळी बघायची. पुष्कळदा ती मांडीखाली दुमडलेली असते. मूत्राशय तुंबलेलं असतं. त्याची वर्दी कण्यातल्या इजेपाशी अडते, मेंदूला आवर घालता येत नाही, आणि खालच्या भागातल्या रक्तवाहिन्या आवळून बसतात. वेळेत कारण सापडलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

म्हणजे बिघाड मूत्रमार्गात, वाट चेतासंस्थेची, धोका रक्ताभिसरणाला, आणि खुणा त्वचेवर. आपले चार धडे एकाच माणसात, एकाच मिनिटात. आमच्या क्षेत्रातही असं होतं. पडदा एका ठिकाणी गोठतो आणि चूक तिसऱ्याच ठिकाणी असते. कुठे पडलं ते दिसतं, कुठून ढकललं ते दिसत नाही. पण आम्ही यंत्र बंद करून पुन्हा चालू करू शकतो. तिला ती सोय नाही.

तिसरं उदाहरण आपल्या वयाच्या जवळचं आहे. गुडघ्याच्या व्यायामासाठी आलेल्या बाई. मधुमेह आहे, आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू आहे. ही गोळी नाडी वाढू देत नाही. त्यामुळे व्यायाम किती झेपतोय हे नाडी मोजून कळत नाही, २२० वजा वय हे सूत्र इथे कामाचं नाही. तिथे बाईंनाच विचारायचं, ‘किती कष्ट पडताहेत?’ त्यासाठी ६ ते २० आकड्यांची बोर्ग नावाची पट्टी असते, ११ म्हणजे हलकं, १३ म्हणजे जरा कठीण. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. साखर उतरली की छातीत धडधडतं, हात कापतात. ही गोळी त्या दोन्ही खुणा झाकते. घाम मात्र झाकत नाही. म्हणून व्यायाम करताना बाईंना दरदरून घाम सुटला तर ‘छान, मेहनत होतेय’ म्हणायचं नाही. थांबायचं, साखर तपासायची. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे साधारण एक मोठा चमचा, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. तक्रार गुडघ्याची, पण त्या दिवशी सगळं अवलंबून होतं गोळ्यांच्या पाकिटावर.

आता माझ्या सहभागाबद्दल थोडं. सराव प्रश्नांत तिची जी उत्तरं चुकायची, त्यांची मी एक साधी तक्ता-फाइल केली आणि प्रत्येकासमोर कारण लिहायला लावलं. माहितीच नव्हती, प्रश्न घाईत वाचला, की माहिती होती पण जोडली गेली नाही. महिन्याभराने बघितलं तर तिसरा रकाना सगळ्यात लांब झाला होता. तोपर्यंत ती समजत होती की तिचं वाचन कमी पडतंय, आणि आणखी एक जाडं पुस्तक मागवत होती.

यामागचं कारण नंतर तिनेच सांगितलं. इथल्या तिच्या रुग्णालयात बहुतेक रुग्ण डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन यायचे. चिठ्ठीवर निदान असायचं, तिचं काम तिथून पुढे. अमेरिकेत आता पन्नासही राज्यांत, कमीअधिक मर्यादांसह, रुग्ण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट थेरपिस्टकडे जाऊ शकतो. म्हणजे पहिला दरवाजा तीच. ‘हा माझा रुग्ण आहे का?’ हे तिला आधी ठरवावं लागतं. म्हणून परीक्षेचा भर त्यावर.

मग तिने प्रत्येक प्रश्नाला चार गोष्टी विचारायची सवय लावली. एक, नक्की काय विचारलंय, आधी काय कराल की सगळ्यात योग्य काय? दोन, पहिल्या झटक्यात जे निदान सुचलं, त्यात न बसणारी माहिती कोणती? तीन, नजरेतून सुटलं तर जिवावर बेतेल असं यात काही आहे का? चार, उपचार करू, उपचार बदलू, की आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे पाठवू? तिच्या मते दुसरा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण सुचलेल्या उत्तरावर आपलं प्रेम बसतं.

ती उत्तीर्ण झाली. आता काम करते. पण भाषण संपवण्याआधी तुमच्या उपयोगाचं थोडं सांगते, कारण आपली बॅच आता सेहेचाळीस-सत्तेचाळिशीत आहे आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कवितांपेक्षा तेलांचे आणि लेपांचे उपायच जास्त येतात.

खांदा आखडलाय म्हणणारे इथे चार-पाच जण तरी आहेत. मधुमेह असणाऱ्यांत तो जास्त आखडतो, तेव्हा खांद्याबरोबर साखरही तपासून घ्या. डावा खांदा किंवा हात चालताना, जिना चढताना दुखत असेल आणि हात हलवून, दाबून त्यात काही फरक पडत नसेल, तर आधी हृदय तपासा. काही जण कालच लांबचा विमानप्रवास करून आलेत. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखली, तर मालिश करून घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ही शक्यता मोजायला वेल्स निकष नावाची गुणांची पद्धत आहे. दोन पोटऱ्यांच्या घेरात ३ सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर एक गुण, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल तर एक गुण, असं करत जातात. पण दुसरं कारण तितकंच शक्य असेल तर दोन गुण वजा करतात. मला ते वजा दोन फार आवडले. आपल्या संशयाविरुद्ध असलेला पुरावासुद्धा मोजायचा असतो, हे त्यात लिहून ठेवलंय. आणि कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री रुग्णालय गाठायचं.

मी डॉक्टर नाही, हे सगळं बहिणीच्या अभ्यासातून माझ्याकडे आलेलं. त्यातून एक विनंती मात्र हक्काने करते. उद्या आईला गुडघ्यासाठी घेऊन जाल, तेव्हा सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घेऊन जा. वजन उतरलंय, रात्री दुखण्याने जाग येते, पूर्वी कर्करोग होऊन गेलाय, हे न विचारता सांगा. ‘गुडघ्याच्या माणसाला साखरेचं कशाला सांगायचं’ असं आपली आई म्हणेल. तुम्ही सांगा.

विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही शिकवलेल्या सगळ्या संस्था तुमच्या विद्यार्थिनीने एकत्र जोडून परवाना मिळवला. ती आज येऊ शकली नाही, तिने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.