दरडींचें गणित



पूर्णेसारख्या गांवच्या मनुष्यानें दरडींविषयीं बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. गोदावरीस मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या कांठचें हें रेल्वे जंक्शन. भोंवतालीं काळीभोर, सपाट जमीन. येथें चिखल होईल, पूर येईल. पण डोंगर अंगावर येण्याची भीति कोणास? तथापि या शास्त्राचा पहिला धडा येथेंच नीट समजतो. पूर्णेच्या काळ्या मातीखालीं जो बेसाल्ट खडक आहे, तोच सह्याद्रींतहि आहे. खडक एक, दरडी मात्र तिकडेच कोसळतात. तेव्हां केवळ खडकाच्या जातीवरून भाकीत करणें व्यर्थ. उतार, मातीचा थर, पाणी, झाडोरा, माणसाची खोदाई, या सर्वांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो.

त्या हिशेबाची रीत अवघड नाहीं. एखाद्या डोंगराळ तालुक्याच्या नकाशाचे लहान लहान चौकोन पाडावयाचे. प्रत्येकाचा उतार, माती, ओढ्यापासूनचें अंतर नोंदावयाचें. आणि पूर्वीं कोसळलेल्या दरडी त्यावर दाखवावयाच्या. समजा, तीव्र उताराची जमीन तालुक्यांत शेंकडा १० आहे, पण दरडींपैकीं शेंकडा ४० तिच्यावर पडल्या. तर त्या उताराचें वजन ४. मंद उताराची जमीन शेंकडा ५० असून दरडी शेंकडा ५ च, तर वजन एकदशांश. अशीं वजनें एकत्र करून प्रत्येक चौकोनास गुण द्यावयाचे व त्यांप्रमाणें नकाशा रंगवावयाचा.

याच कुळांतील एका पद्धतीस ‘पुराव्याचें वजन’ असें म्हणतां येईल. तिचा जन्म वैद्यकांतला. लक्षणांवरून रोग ओळखण्यासाठीं ती निघाली. १९८० नंतरच्या दशकांत कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतीं सोन्याचे साठे हुडकण्यास भूशास्त्रज्ञांनीं ती वापरली, आणि पुढें ती दरडींकडे आली. वैद्याची अडचणहि तिच्याबरोबर आली. सर्दीमुळें नाक वाहतें आणि शिंकाहि येतात. हीं दोन लक्षणें स्वतंत्र साक्षीदार मानलीं, तर एकच पुरावा दोनदां मोजला जातो. सह्याद्रीच्या माथ्याजवळ तीव्र उतार आणि मुसळधार पाऊस असेच जोडीनें नांदतात. सर्व कारणें एकदम तोलणारी ‘लॉजिस्टिक रिग्रेशन’ नांवाची रीत या दोषास बराच आळा घालते. शिवाय कांहीं दरडी हिशेबाबाहेर ठेवून, नकाशा त्यांचें ठिकाण ओळखतो कीं नाहीं, हें पाहण्याची चाल आहे. प्रश्नपत्रिका आधींच पाहिलेल्या विद्यार्थ्याच्या गुणांस किंमत ती काय?

परंतु माझ्या मतें खरी मेख गणितांत नाहीं; ती दरडींच्या यादींत आहे. घाटरस्त्यावर दरड आली कीं गाड्या अडतात, वर्तमानपत्रांत बातमी येते, दप्तरीं नोंद होते. तीच निर्जन रानांत पडली, तर कांहीं पावसाळ्यांत तिच्यावर गवत उगवतें आणि खूण बुजते. उपग्रहांच्या छायाचित्रांची हल्लीं मोठी मदत होते. पण ऐन पावसाळ्यांत सह्याद्री ढगांआड असतो. मग गणित बिचारें काय करणार? जेथें नोंद नाहीं तेथें दरड नाहीं, असेंच तें धरून चालतें.

३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव डोंगराखालीं गाडला गेला. १५१ माणसें मृत्यु पावलीं. गांव जागेवर नाहीं, ही वर्दी बाहेर गेली ती एका एस. टी. चालकाकडून! त्याच वर्षीं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यानें देशभरच्या डोंगराळ प्रदेशाचे दरडप्रवणतेचे नकाशे करण्याचें काम आरंभिलें. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळीये येथें ८० हून अधिक माणसें गेलीं. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत, इर्शाळगडाच्या कुशींतील आदिवासींची इर्शाळवाडी गेली. २७ प्रेतें हातीं लागलीं. ५७ माणसें बेपत्ताच राहिलीं. ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादींत नव्हती, असें शासनानेंच त्या वेळीं सांगितलें.

यादी म्हटली कीं कोठें तरी रेघ ओढावी लागते, आणि ती गणित ओढीत नाहीं, माणूस ओढतो. रेघ खालीं आणली, तर शेंकडों वाड्या हलवाव्या लागतील. शेत, झरा, देवस्थान सोडून जाण्यास कोण राजी होईल? वर नेली, तर एखादी इर्शाळवाडी सुटते. शिवाय नकाशा ‘कोठें’ एवढेंच सांगतो. ‘केव्हां’ हें पावसाच्या मापावरून ठरवावें लागतें.

म्हणून मला असें वाटतें कीं, दरडप्रवणतेच्या प्रत्येक नकाशाशेजारीं आणखी एक नकाशा छापावा: कोणत्या चौकोनांत कोणी पायीं जाऊन पाहिलें आणि कोणत्या चौकोनांत नाहीं, याचा. न पाहिलेल्या चौकोनांत पावसाळ्याआधीं माणूस धाडावा. जमिनीस भेग पडली आहे काय, झाडें कललीं आहेत काय, झऱ्याचें पाणी गढूळ येऊं लागलें आहे काय, हें त्यानें तेथील गुराख्यास विचारावें, आणि मिळालेलें उत्तर त्याच चौकोनांत लिहून ठेवावें.