पेशींतील जिना

चिमूटभर साखर निखाऱ्यावर टाकली तर ती काळी पडून पाहतां पाहतां जळून जाते. तीच साखर मनुष्य खातो तेव्हांहि ती शेवटीं जळतेच. प्राणवायूशीं संयोग होऊन तिचें पाणी व कर्बाम्ल वायु हींच उरतात. परंतु तेथें ज्योत दिसत नाहीं कीं धूर निघत नाहीं; शरीराची उष्णता ३७ अंशांच्या आसपासच राहते. हें थंड ज्वलन शरीरास कसें साधतें, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

ज्वलन ही मूलतः एक देवघेव होय. जळणारा पदार्थ इलेक्ट्रॉन नांवाचे सूक्ष्म विद्युत्कण देतो व प्राणवायु ते घेतो. इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ही ओढ पदार्थापदार्थांत कमीअधिक असते. ती व्होल्टांत मोजतात व त्या मापास रेडॉक्स विभव म्हणतात. अन्नांतून निघालेले बहुतेक इलेक्ट्रॉन पेशींतील ज्या वाहकाच्या हातीं पडतात, त्याचें विभव उणें ०.३२ व्होल्ट, प्राणवायूचें अधिक ०.८२. दोहोंमधील अंतर १.१४ व्होल्ट, म्हणजे टॉर्चमधील एका सेलच्या दीड व्होल्टाहून थोडें कमीच. निखाऱ्यावर सारी शक्ति एकदम उष्णतेच्या रूपानें निघून जाते. पेशींत मात्र इलेक्ट्रॉनांस उतरण्यासाठीं जिना बांधलेला आहे.

या जिन्याच्या पायऱ्या प्रथम ज्याच्या दृष्टीस पडल्या, तो कोणी मोठा प्रोफेसर नव्हता. चार्ल्स मॅकमन हा इंग्लंडांतील वुल्व्हरहॅम्प्टन येथें वैद्यकी करणारा डॉक्टर. घरामागील तबेल्याच्या माळ्यावर त्याची छोटी प्रयोगशाळा होती. प्राण्यांच्या स्नायूंतून आलेला प्रकाश वर्णपटदर्शकांतून पाहतांना त्यास कांहीं काळे पट्टे दिसले. हें रक्ताहून निराळें, श्वसनाच्या कामीं येणारें रंगद्रव्य आहे, असें त्यानें १८८६ सालीं प्रसिद्ध केलें. जर्मनींतील नामांकित रसायनशास्त्रज्ञ होप्पे-झायलर यांस हें मान्य झालें नाहीं. रक्तांतील रंगद्रव्यच बिघडून हें झालें, असा निर्णय देऊन त्यांनीं १८९० सालीं आपल्या नियतकालिकांत तो वाद बंद केला. मोठ्या नांवापुढें साध्या डॉक्टराची साक्ष टिकली नाहीं. आपलें रंगद्रव्य कधींतरी पाठ्यपुस्तकांत येईल, ही आशा लिहून ठेवून मॅकमन १९११ सालीं वारला.

चौदा वर्षांनीं, १९२५ सालीं, केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. घोड्याच्या पोटांत वाढणाऱ्या एका माशीचा अभ्यास करतांना त्यांस तसेच पट्टे आढळले. मग त्यांनीं यीस्ट तपासलें. यीस्टला रक्त कोठलें? तरीहि पट्टे तेथें हजर! यीस्टची नळी हवेशीं हालविली कीं पट्टे नाहींसे होत. स्वस्थ ठेवली कीं पुन्हां उमटत. सायनाइड घातल्यावर मात्र हालवूनहि ते जात नसत. रंगद्रव्याजवळ इलेक्ट्रॉन असतो तोंवर पट्टा ठळक दिसतो. प्राणवायूनें तो नेला कीं पट्टा पुसतो. सायनाइड जिन्याची शेवटची पायरीच अडवून धरतें; म्हणून त्या विषानें मनुष्य भरपूर हवेंतहि गुदमरतो. केलिन यांनीं या रंगद्रव्यास सायटोक्रोम हें नांव दिलें, आणि मॅकमनचें श्रेय त्यास मोकळ्या मनानें दिलें.

सायटोक्रोम ए, बी, सी असे अनेक आहेत. प्रत्येकाच्या गाभ्यांत हीम नांवाच्या चौकटींत लोखंडाचा अणु बसविलेला असतो. लोखंड एकच, मग पायऱ्यांची उंची निराळी कां? कारण त्यास कुशींत घेणारें प्रथिन निराळें. सायटोक्रोम सीमध्यें लोखंडास एका बाजूनें हिस्टिडीन व दुसऱ्या बाजूनें गंधकयुक्त मेथिओनीन धरून असतें, आणि हीम बहुतेक सर्व बाजूंनीं पाण्यापासून दूर, प्रथिनाच्या स्निग्ध पोटांत दडलेलें असतें. इलेक्ट्रॉन सोडला तर लोखंडावरील धन विद्युद्भार वाढणार, आणि तो भार सांवरावयास तेथें पाणी नाहीं. म्हणून तें इलेक्ट्रॉन सहजीं सोडीत नाहीं व त्याचें विभव अधिक ०.२५ व्होल्टांच्या सुमारास जातें. बीमध्यें दोन्ही बाजूंनीं हिस्टिडीन असतें. त्याचें विभव शून्याच्या जवळपास. म्हणूनच इलेक्ट्रॉनांचा ओघ बीकडून सीकडे वाहतो. रक्तांतील हिमोग्लोबिनमध्येंहि हीमच असतें. पण तेथील प्रथिन लोखंडाचा इलेक्ट्रॉन राखून केवळ प्राणवायूची ने-आण करतें.

जिन्याच्या मोठ्या उतारांवर जी शक्ति सुटते, तिच्या बळावर हायड्रोजनचे धनभारित कण एका पातळ पडद्यापलीकडे लोटले जातात. ते परत येतांना, धरणाच्या पाण्यानें चक्र फिरावें तसें, एक विकर फिरतें व पेशीचें चलनी नाणें जें एटीपी, तें तयार होतें. हा विचार पीटर मिचेल यांनीं १९६१ सालीं मांडला. त्यांसहि प्रथम पुष्कळ विरोध झाला. १९७८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

हें भाषण ऐकतां ऐकतां श्रोत्यांनीं घेतलेल्या प्रत्येक श्वासांतील प्राणवायु याच जिन्याच्या पायथ्याशीं खर्ची पडत आहे. आणि तबेल्याच्या माळ्यावर दिसलेलें तें रंगद्रव्य आज जीवरसायनाच्या पाठ्यपुस्तकांत आपल्या हक्काच्या जागीं आहे.