उतारवयातली धाव



या व्याख्यानमालेची पत्रिका गावात लागली, तेव्हा माझ्या नावापुढचा विषय वाचून पुष्कळांनी मला रस्त्यात अडवले. बोनस, ग्रॅच्युइटी आणि हजेरीपत्रक सोडून तुम्ही पळण्यावर कधीपासून बोलू लागलात, असे त्यांचे विचारणे. प्रश्न रास्त आहे. मी क्रीडापटू नाही, वैद्यही नाही. इयत्ता नववीनंतर माझी शाळा म्हणजे गिरणीचे सूतखाते आणि आपले नगरवाचनालय. मात्र तीस वर्षे मी माणसे जमवण्याचा उद्योग केला आहे. आणि उतारवयात पळायचे तर पायांइतकीच माणसे लागतात, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. तेवढेच मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

पळावे तरुणांनी आणि वडीलधाऱ्यांनी कट्ट्यावर बसून पाहावे, असा आपल्याकडे समज आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी सगळ्या जगाचाच तो होता. पन्नाशीचा गृहस्थ रस्त्याने पळताना दिसला, तर त्याच्या मागे कोण लागले आहे ते लोक पाहत. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याला तर आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवण्याची त्या काळी वैद्यकीय रीत होती. हा समज ज्यांनी मोडला त्यांत एक कारखान्यातला माणूस होता, म्हणून त्याची हकिकत मला विशेष जवळची वाटते.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंड शहरी आर्थर लिडियार्ड नावाचा मनुष्य होता. जन्म १९१७ चा. जोड्यांच्या कारखान्यात काम करावे आणि वर पहाटे दुधाचा रतीब घालावा, असा त्याचा संसार. ऐन तिशीच्या आत एकदा मित्राबरोबर पाचेक मैल पळताना त्याला धाप लागली, आणि आत्ताच असे, तर पन्नाशीत आपले काय होईल, या विचाराने तो अस्वस्थ झाला. कोणी गुरू नव्हता, प्रयोगशाळा नव्हती. स्वतःच्या देहावर त्याने वर्षानुवर्षे प्रयोग केले. पुढे शेजारपाजारची मुले त्याच्याकडे येऊ लागली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांतल्या पीटर स्नेल आणि मरी हॅल्बर्ग या दोघांनी एकाच दिवशी सुवर्णपदके मिळवली. त्याची शिस्त मोठी कडक. दर रविवारी डोंगरातून बावीस मैल, म्हणजे पस्तीस किलोमीटर, पळायला लावी.

परंतु माझ्या लेखी त्याचे मोठे काम यापुढचे आहे. १९६२ च्या सुमारास ऑकलंडमधल्या प्रौढ, सुटलेल्या पोटांच्या आणि काही हृदयाने दुबळ्या झालेल्या माणसांना त्याने हळूहळू पळायला शिकवले. त्यातून तिथे हळू पळणाऱ्यांचे मंडळ उभे राहिले. मंडळाचा मुख्य नियम असा की, पळता पळता शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. बोलताना दम लागला, तर समजावे की वेग जास्त झाला. घड्याळ नको, यंत्र नको. मापाला शेजारचा माणूस पुरे.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे पळण्याचे शिक्षक बिल बॉवरमन तिकडे पाहुणे म्हणून गेले. वय एक्कावन्न. दुसऱ्यांना पळवण्यात हयात गेलेली, तेव्हा आपण धडधाकट आहोत असा त्यांचा स्वतःविषयी समज. लिडियार्डबरोबर रविवारी सकाळी निघाले आणि पहिल्याच चढाला मागे पडले. तेव्हा सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके पचवलेला एक वृद्ध गृहस्थ आपला वेग कमी करून त्यांच्याबरोबर राहिला आणि सारा वेळ गप्पा मारत त्यांना घेऊन आला. बॉवरमन घरी परतले ते हा धडा घेऊन. गावात त्यांनी प्रौढांचे वर्ग काढले आणि १९६७ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साह्याने 'जॉगिंग' नावाचे पुस्तक लिहिले. ते अफाट खपले, आणि हळू पळण्याचे वेड देशभर पसरले. या साऱ्याच्या मुळाशी वेग कमी करून मागे राहिलेला एक म्हातारा आहे, हे विसरू नका.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. आळंदीहून पंढरीला निघालेल्या दिंडीत सत्तरी-पंचाहत्तरीची माणसे पंधरा-वीस दिवस चालतात. वेळापूरच्या अलीकडे धावा होतो, तेव्हा हीच माणसे उतारावर पळत सुटतात. त्यांतल्या एखाद्या आजीला एकटीला सांगून पाहा की, उद्या सकाळी दोन फर्लांग पळा. ती तुम्हांला वेड्यात काढील. दिंडीत मात्र तिचे पाय उचलले जातात, कारण मागे-पुढे माणसे असतात.

आता आमच्या मंडळीविषयी सांगतो. पहाटे साडेपाचला मैदानावर आम्ही तेरा-चौदा जण जमतो. वय पन्नासापासून त्र्याहत्तरापर्यंत. एक पोस्टातून निवृत्त झालेले, एक जुने जॉबर, एक शाळेच्या निवृत्त बाई, एक भाजीवाले, दोघे यंत्रमागावरचे. मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीत खिळ्याला एक दोनशे पानी वही टांगलेली आहे. पळणे झाले की चहा येईपर्यंत ज्याने त्याने आपली ओळ लिहायची. 'सहा फेऱ्या. शेवटची चालत.' 'चार फेऱ्या. डावा गुडघा कुरकुरतो.' 'आठ फेऱ्या. बाईंनी ओढत नेले.' 'खाडा. नातीला ताप.' आणि गुडघ्याच्या ओळीखाली दुसऱ्याचे अक्षर: 'दोन दिवस पळू नका, पण चालायला या.'

या वहीचे नियम तीनच. पहिला, झाले तेवढेच लिहायचे. उद्या काय करणार ते लिहायचे नाही. संकल्पांची वही कोणीही भरील. दुसरा, खाडाही लिहायचा. गिरणीत खाड्याला पगार कापतात. इथे खाड्याला चौकशी मिळते. तिसरा, एकाच्या फेऱ्या दुसऱ्याच्या फेऱ्यांशी ताडून पाहायच्या नाहीत. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या दोन फेऱ्या आणि पन्नाशीच्या माणसाच्या बारा फेऱ्या, दोघांनाही ओळ एकच.

आपण म्हणाल, यात विशेष ते काय? विशेष हे की, संघटना अशीच चालते. मोर्चाला कामगार येतो तो माझे भाषण ऐकून येतो, असे मला तरुणपणी वाटे. पुढे कळले की शेजारच्या मागावरचा गडी दुसऱ्या दिवशी "काल दिसला नाहीस?" असे विचारील, म्हणून तो येतो. पहाटेच्या थंडीत पांघरूण टाकायला लावणारी शक्ती तीच आहे. निर्धार चार दिवसांत विरतो. आपली कोणी वाट पाहत आहे ही जाणीव मात्र टिकते.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका यंत्रमागवाल्याची पत्नी वारली. वहीत आठ दिवस त्याची ओळ नाही, खाड्याचीही नाही. जॉबर आणि पोस्टवाले त्याच्या घरी गेले. तो म्हणाला, "आता पळून कुठं जायचंय?" जॉबर म्हणाला, "पळू नको. चहाला तर ये." तो आला, बाकावर बसला, चहा घेऊन गेला. असे तीन दिवस. चौथ्या दिवशी वहीत त्याची ओळ होती: 'एक फेरी. चालत.' त्या दिवशी त्याच्याशी कोणी त्याविषयी अवाक्षर बोलले नाही. फक्त चहाचे पैसे त्याला देऊ दिले नाहीत.

फौजासिंग यांचे नाव आपण ऐकले असेल. पंजाबातले शेतकरी. पत्नी गेली, मागोमाग तरुण मुलगा गेला. मग लंडनला दुसऱ्या मुलाकडे राहायला गेल्यावर ते पळू लागले आणि तिथल्या शीख धावकांच्या मंडळीत मिसळले. २००० साली, सांगितलेल्या वयाप्रमाणे एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांनी लंडनची मॅरेथॉन पुरी केली आणि २०११ मध्ये शंभराव्या वर्षी टोरांटोची. जन्माचा दाखला नाही, म्हणून गिनेसच्या पुस्तकाने तो विक्रम मानला नाही. ज्यांच्या जन्माची नोंदच झाली नाही, अशा आपल्या लक्षावधी आई-बापांचे ते प्रतिनिधी म्हणायचे. जुलै २०२५ मध्ये आपल्या गावाजवळ मोटारीच्या धडकेने ते गेले. दुःखाला जे ढळले नाहीत, त्यांना रस्त्यावरच्या भरधाव गाडीने नेले.

आता कोणी विचारील, याचा फायदा सिद्ध झाला आहे काय? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८४ पासून पन्नाशीपुढच्या धावकांच्या एका मंडळाचे ५३८ सभासद आणि न पळणारी ४२३ निरोगी माणसे यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. एकोणीस वर्षांनी न पळणाऱ्यांपैकी ३४ टक्के माणसे वारली होती, पळणाऱ्यांपैकी १५ टक्के. उठणे, बसणे, कपडे घालणे यांसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची वेळही पळणाऱ्यांवर पुष्कळ उशिरा आली. अर्थात, जे पळतात ते मुळातच थोडे सुदृढ असतात, हे लक्षात ठेवूनच हे आकडे वाचावेत. आणि छातीत दुखणे, चक्कर, रक्तदाब, मधुमेह असेल तर आधी डॉक्टर, मग मैदान. तरुण वर्गणी भरून मॅरेथॉनला जातात, जावोत बापडे. आपल्याला पदक नको. ऐंशीव्या वर्षी स्वतःच्या हाताने तांब्या उचलून पाणी प्यायला मिळाले, म्हणजे पदक मिळाले.

बंधूंनो, आता मी माझ्या मूळ धंद्याकडे वळतो. लिडियार्डची मंडळी रविवारी पळत. त्यांना रविवार दिला कोणी? त्याच न्यूझीलंडमध्ये १८४० साली सॅम्युअल पार्नेल नावाच्या सुताराने आठ तासांपेक्षा जास्त काम करायला नकार दिला. त्याचा हिशेब सरळ होता: आठ तास कामाचे, आठ झोपेचे, उरलेले आठ माणसाचे स्वतःचे. १८९० च्या ऑक्टोबरात तिथे पहिला कामगार दिन साजरा झाला, तेव्हा मिरवणुकीच्या अग्रभागी तो वृद्ध सुतार होता. १९३६ मध्ये तिथे चाळीस तासांचा आठवडा कायद्याने आला. जोड्यांच्या कारखान्यातल्या माणसाला डोंगरात पळायला जो वेळ सापडला, तो असा मिळवलेला होता.

आणि आपल्याकडे? त्याच १८९० सालच्या १० जूनला मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. त्यापूर्वी गिरणी कामगाराला आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. आज रविवारी सकाळी पांढरे बूट घालून जे जे बाहेर पडतात, त्यांनी या माणसाची एकदा तरी आठवण करावी.

म्हणून आमची वही चाळताना मला तिच्यातल्या ओळींइतक्याच तिच्यात नसलेल्या ओळी दिसतात. बँकेच्या दारात बारा तास उभा राहणारा साठीचा रखवालदार आमच्या वहीत नाही. यंत्रमागाच्या बारा तासांच्या रात्रपाळीतून सुटून पहाटे घरी जाणारा गडी आम्हांला हात करतो आणि पुढे जातो. ज्या वेळी आम्ही मैदानावर जमतो, त्याच वेळी नळाला पाणी येते, म्हणून आमच्यात बायका दोनच आहेत. एका गावी तर सकाळी आठपर्यंत मैदानाला कुलूप असते असे कळले. विचारले तर उत्तर, गवत खराब होते. गवत जपावे हे खरे, परंतु माणसांचे गुडघेही कोणी जपावयास हवेत.

तेव्हा माझे मागणे थोडे आहे. ज्यांना सवड आहे, त्यांनी एकट्याने सुरुवात करू नये. शेजाऱ्याला हाक मारावी. बोलता येईल एवढ्याच वेगाने जावे. एक वही घालावी आणि खरे तेच लिहावे. जो सर्वांत मागे असेल, त्याच्याजवळ दररोज कोणी तरी राहावे. ही पाळी आळीपाळीने लावून घ्यावी. आणि ज्यांना सवड नाही, त्यांना ती मिळावी म्हणून जेव्हा आम्ही झेंडे घेऊन रस्त्यावर येऊ, तेव्हा वाहतूक अडली म्हणून रागावू नये. जमल्यास दोन पावले आमच्याबरोबर चालावे. पळण्याची सक्ती नाही.